पार्श्वभूमी : प्लेस्टेशन की एक्सबॉक्स, आणि २०१३ साली डिस्कवरून पेटलेला वाद

प्लेस्टेशन घ्यावं की एक्सबॉक्स, या प्रश्नाचं आपल्याकडचं उत्तर जून २०१३ मधल्या तेरा दिवसांत ठरलं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या वेळी सोनीचं पीएस४ (प्लेस्टेशन ४) आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन यांपैकी एकही नवा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, भारतात आलेला नव्हता आणि जगातही कुठे विकायला निघालेला नव्हता. वाद चालला होता तो कागदावरच्या नियमांचा. विकत घेतलेली गेमची डिस्क नेमकी कोणाची, एवढाच मुद्दा होता.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. नव्वदच्या दशकात अमेरिकेत सेगा आणि निन्टेंडो या गेम कंपन्यांत मोठी झुंज लागली होती, पण आपल्याकडे ती पोहोचली नाही. इथे ‘टीव्ही गेम’ मिळायचा, त्याची कॅसेट मिळायची, आणि ‘९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट ज्याच्याकडे असेल त्याच्या घरी गल्ली जमायची. खरी निवड पीएस२ च्या काळातही नव्हती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून चिप बसवलेलं पीएस२ आणायचं आणि शंभर-दीडशे रुपयांच्या कॉपी डिस्क त्यात घालायच्या, हा सर्रास चालणारा व्यवहार होता. तो पायरसीचाच होता, हे मान्य करायला हवं. डिस्क या हातातून त्या हातात फिरायची सवय मात्र त्याच काळात लागली.

निवडीचा पेच आला तो २००६-०७ मध्ये. एक्सबॉक्स ३६० सप्टेंबर २००६ मध्ये भारतात अधिकृतपणे आला, किंमत वीस ते चोवीस हजारांच्या दरम्यान. पीएस३ एप्रिल २००७ मध्ये आलं, ते जवळपास चाळीस हजारांना. एवढा फरक असल्यावर मध्यमवर्गीय घरात चर्चाच होत नसे. पीएस३ महाग होतं कारण त्यात ब्लू-रे ड्राइव्ह होता आणि एक नवा, अवघड प्रोसेसर होता. त्या प्रोसेसरवर गेम बसवताना भलेभले प्रोग्रॅमर मेटाकुटीला येत. ३६० स्वस्त, सुटसुटीत होता आणि त्याचा ड्राइव्ह ‘फ्लॅश’ करून (त्यातलं सॉफ्टवेअर बदलून) मिळायचा, म्हणजे पुन्हा कॉपी डिस्क. फ्लॅश केलेला कन्सोल ऑनलाइन गेला की बॅन व्हायचा, पण तेव्हा इथे ऑनलाइन खेळणारे होते तरी किती! ३६० चं दुखणं वेगळंच निघालं. पुढच्या बाजूला तीन लाल दिवे लागायचे आणि यंत्र बंद पडायचं. हा प्रकार जगभर इतका झाला की जुलै २००७ मध्ये त्या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि त्यापायी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली.

पीएस३ ची गोष्ट उलटी. २०१० च्या उत्तरार्धापर्यंत त्याचं कुलूप कोणाला फोडता आलं नाही. म्हणजे जवळपास चार वर्षं खेळायचं तर मूळ डिस्कच विकत घ्यावी लागे, आणि अडीच-तीन हजारांची डिस्क एकट्याला परवडत नसे. मग ती चौघांत फिरू लागली. संपवली की विकायची, त्या पैशात थोडी भर घालून पुढची घ्यायची. दुकानदार एक्स्चेंज करू लागले, भाड्यानेही देऊ लागले. ब्लू-रे डिस्कवर टणक थर असतो, त्यामुळे पाच-सहा हातांतून गेलेली डिस्कही नीट चाले. ३६० ची डिस्क साध्या डीव्हीडीची, आणि ती फिरत असताना कन्सोल जरा हलला तर तिच्यावर गोल ओरखडा उठून ती कायमची जायची. माझ्या मते आपल्याकडच्या सेकंडहँड डिस्कच्या बाजाराचा पाया या काळात घातला गेला, आणि तो पीएस३ भोवती घातला गेला. पुढच्या लढाईचा निकाल समजून घ्यायचा तर हे लक्षात ठेवावं लागतं.

याच काळात ‘रीजन’ या शब्दाने भरपूर घोळ घातला. दुकानात ‘हे रीजन फ्री आहे का’ असं विचारलं की हमखास ‘हो’ असं उत्तर येई, पण विचारणाऱ्याच्या मनातला रीजन आणि सांगणाऱ्याचा रीजन एकच असेल याची खात्री नसे. पहिला अर्थ टीव्हीच्या प्रणालीचा, पाल की एनटीएससी. दुसरा डिस्कवरच्या कुलपाचा. ३६० वर हे कुलूप लावायचं की नाही ते गेमच्या प्रकाशकावर होतं, पीएस३ च्या गेमना ते जवळपास नव्हतंच, पण त्याच पीएस३ वर सिनेमाच्या डिस्कला होतं. तिसरा अर्थ खात्याच्या देशाचा. भारतीय प्लेस्टेशन खातं युरोपच्या व्यवस्थेत मोडत असल्याने युरोपीय डिस्कला इथून विकत घेतलेली जादाची भर (गेमला ऑनलाइन जोडायचे वाढीव भाग) चालायची, अमेरिकन डिस्कला चालायची नाही. चौथा अर्थ वॉरंटीचा. न्यू जर्सीहून येणाऱ्या काका-मावशीकडून कन्सोल मागवणाऱ्या कित्येक घरांना हे चारही अर्थ एकेक करून, पैसे मोजून कळले. अमेरिकन ३६० चा विटेएवढा अॅडॉप्टर ११० व्होल्टचा असायचा, तो थेट आपल्या सॉकेटमध्ये लावला की खेळ संपला.

आता २०१३ कडे. पीएस४ ची घोषणा फेब्रुवारीत झाली होती, एक्सबॉक्स वनची २१ मे रोजी. एक्सबॉक्सच्या घोषणेत गेमपेक्षा टीव्हीबद्दलच जास्त बोललं गेलं आणि सेकंडहँड डिस्कचं काय होणार, यावर अधिकाऱ्यांची उत्तरं एकमेकांशी जुळेनात. अखेर ६ जूनला नियम जाहीर झाले. ते असे : डिस्कवरचा गेम एकदा कन्सोलमध्ये भरला की तो तुमच्या खात्याला जोडला जाईल. कन्सोलने चोवीस तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची. दुसऱ्याच्या कन्सोलवर आपलं खातं उघडून खेळत असाल तर दर तासाला. हजेरी चुकली की गेम बंद, इंटरनेट नसेल तर टीव्ही आणि सिनेमे तेवढे बघा. डिस्क मित्राला देता येईल, पण तो मित्र किमान तीस दिवस तुमच्या खात्यावरच्या मित्रयादीत असला पाहिजे आणि प्रत्येक गेम एकदाच देता येईल. जुनी डिस्क विकता येईल ती ठरावीक दुकानांत, आणि तीही प्रकाशकाने परवानगी दिली तर. उसना किंवा भाड्याने गेम देण्याची सोय सुरुवातीला नसेल.

हे अचानक आकाशातून पडलेलं नव्हतं. सेकंडहँड विक्रीतून प्रकाशकाला दमडी मिळत नाही, ही तक्रार जुनी होती. २०१० पासून एका मोठ्या अमेरिकन प्रकाशकाने डिस्कच्या डबीत एकदाच वापरता येणारा कोड घालायला सुरुवात केली होती, जुनी डिस्क घेणाऱ्याने ऑनलाइन खेळण्यासाठी दहा डॉलर वेगळे भरायचे. लोकांच्या रोषामुळे २०१३ च्या मे महिन्यात त्यानेच ती पद्धत गुंडाळली. दुसऱ्याच महिन्यात एक्सबॉक्स बनवणाऱ्यांनी त्याहून कडक नियम थेट यंत्रात बसवायला घेतले.

१० जूनला लॉस एंजेलिसच्या गेमच्या वार्षिक मेळ्यात दोन्ही बाजूंची सादरीकरणं झाली. सकाळी एक्सबॉक्स वनची किंमत ४९९ डॉलर जाहीर झाली. संध्याकाळी पीएस४ ची ३९९. त्याहून मोठा टाळ्यांचा कडकडाट झाला तो पीएस४ वर सेकंडहँड डिस्कना कोणतीही आडकाठी नसेल आणि हजेरीही लागणार नाही, या वाक्यांना. पाठोपाठ गेम मित्राला कसा द्यायचा हे शिकवणारी काही सेकंदांची चित्रफीत प्रसिद्ध झाली. तिच्यात एक जण डिस्क पुढे करतो, दुसरा ती घेतो, एवढंच.

त्याच संध्याकाळी पीएस४ वर ऑनलाइन एकत्र खेळण्यासाठी वर्गणी भरावी लागेल, हेही सांगितलं गेलं. पीएस३ वर ते फुकट होतं. टाळ्यांच्या गजरात ही गोष्ट जवळजवळ कोणाच्या लक्षात आली नाही. त्या रात्रीच्या आठवणी सांगताना आजही ती वगळली जाते, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

इंटरनेट नसलेल्यांनी काय करायचं, असं विचारल्यावर एक्सबॉक्सच्या प्रमुखांनी उत्तर दिलं की त्यांच्यासाठी आमच्याकडे एक्सबॉक्स ३६० आहे. हे वाक्य अमेरिकेतल्या सैनिकांना लागलं, पाणबुडीवर आणि तळांवर असणाऱ्यांना लागलं. आपल्याकडे तर त्या वेळी ५१२ केबीपीएसच्या जोडणीलाही ब्रॉडबँड म्हणत. पावसाळ्यात टेलिफोनची तार एकदा खराब झाली की लाइनमन येईपर्यंत चार-चार दिवस जात. चोवीस तासांची हजेरी म्हणजे विकतचा गेम जुलै-ऑगस्टमध्ये बंद पडण्याची हमीच होती.

भारतासाठी याहून वाईट कलम त्या नियमांत होतं आणि त्याची चर्चा इंग्रजी जगात फारच थोडी झाली. नवा एक्सबॉक्स ज्या एकवीस देशांत अधिकृतपणे चालणार होता त्यांच्या यादीत भारत नव्हता. जपान नव्हता. पोलंडही नव्हता, आणि त्याच मेळ्यात एक्सबॉक्सच्याच मंचावर पोलंडमध्ये तयार होत असलेला एक मोठा गेम दाखवला गेला होता. हजेरी लागणार ती याच देशांतून. म्हणजे ‘रीजन’ला आता पाचवा अर्थ आला : तुम्ही बसला आहात तो देश. परदेशातून कितीही पैसे मोजून कन्सोल आणा, पुण्यात किंवा नागपुरात तो चालेल याचा भरवसा नाही.

१९ जूनला माघार घेतली गेली. हजेरी रद्द, डिस्क पूर्वीसारखी देता-विकता येईल, देशाची अट नाही. सुरुवातीला एकदा इंटरनेट जोडावं लागेल, तेवढंच. या माघारीत एक गोष्ट मात्र बुडाली. मूळ योजनेत घरातल्या दहा जणांना आपला सगळा गेमसंग्रह वापरायला देता येणार होता, ते कुठेही असोत. डिस्क ड्राइव्हमध्ये न घालता खेळता येणार होतं. ते सगळं मागे घेतलं गेलं, आणि ते परत आणा म्हणून काही जणांनी ऑनलाइन याचिकाही केली. त्यांची बाजू मला पूर्ण चूक वाटत नाही. एकत्र कुटुंबाला, सातारा आणि सॅन होजे अशा दोन टोकांना असलेल्या भावंडांना ती सोय खरोखर उपयोगी पडली असती. पण तिच्या बदल्यात डिस्कवरचा हक्क सोडायचा, हा सौदा पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगितला गेला नाही, आणि जो सांगितला गेला तो आपल्यासाठी नव्हताच.

पीएस४ भारतात ६ जानेवारी २०१४ ला आलं, किंमत ३९,९९०. एक्सबॉक्स वन यायला २३ सप्टेंबर उजाडला. किनेक्टशिवाय (हालचाली टिपणाऱ्या कॅमेऱ्याशिवाय) त्याचीही किंमत ३९,९९० च होती, आणि तो विकला जाणार होता एकाच ऑनलाइन दुकानातून. शंभर डॉलरचा जो फरक अमेरिकेत निर्णायक ठरला तो इथे उरलाच नव्हता. उरला होता साडेआठ महिन्यांचा फरक. तेवढ्यात डिस्कची साखळी उभी राहिली होती. मी त्या उन्हाळ्यात पीएस४ घेतलं तेव्हा आमच्या सोसायटीत आधीच तीन होती, त्यामुळे नवे गेम चार हजारांच्या घरात गेले तरी वर्षभरात मला दोनच विकत घ्यावे लागले. बाकीचे शेजाऱ्यांकडून आले. सप्टेंबरमध्ये एक्सबॉक्स वन घेणाऱ्याला ही साखळी शून्यापासून उभी करावी लागली असती. शिवाय जो कन्सोल कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवलाच जात नाही, त्याची जुनी डिस्क तरी तो दुकानदार कशाला घेईल? पीएस४ ची मेमरी वेगवान होती, बरेच गेम त्यावर जास्त स्पष्ट दिसत, हेही खरं. पण माझ्या ओळखीत कोणी मेमरी बघून कन्सोल घेतला नाही. ‘तुझ्याकडे कुठला आहे?’ हाच प्रश्न विचारला जायचा.

पुढे जगभर पीएस४ ची विक्री अकरा कोटींच्या वर गेली आणि एक्सबॉक्सने आपले विक्रीचे आकडे सांगणंच बंद केलं. २०१७ पासून त्यांनी महिन्याच्या वर्गणीत गेमचा संग्रह देण्याचा मार्ग धरला. डिस्कची लढाई हरल्यावर डिस्कच नको, असं ते धोरण होतं. २०२० मध्ये भारताच्या बाबतीत चित्र उलटं झालं. नवे एक्सबॉक्स १० नोव्हेंबरला जगाबरोबरच इथेही आले आणि पीएस५ साठी मात्र २ फेब्रुवारी २०२१ पर्यंत थांबावं लागलं. दोन्ही बाजूंनी डिस्क ड्राइव्ह नसलेलं एकेक स्वस्त मॉडेल काढलं होतं, एक्सबॉक्सचं ३४,९९० ला, पीएस५ चं ३९,९९० ला. सात वर्षांपूर्वी ज्या अटीवर जग पेटलं होतं, तिच्याहून कडक अट दहा-पंधरा हजार रुपये वाचवण्यासाठी लोकांनी स्वतःहून स्वीकारली.

त्यानंतर ‘रीजन’ पुन्हा आडवा आला. नोव्हेंबर २०२४ मधलं पीएस५ प्रो त्या वेळी भारतात अधिकृतपणे आलं नाही, कारण त्याच्या वाय-फायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा तेव्हा इथे खुला नव्हता. त्याला डिस्क ड्राइव्हही वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि तो जोडताना एकदा इंटरनेट लागतंच. दरम्यान एक्सबॉक्सचे एकेकाळी राखीव असलेले गेम प्लेस्टेशनवर येऊ लागले आहेत.

निन्टेंडोचा कारभार आपल्याकडे अधिकृतपणे नाहीच, त्यांचा स्विच हा कन्सोल येतो तो ग्रे मार्केटमधून, म्हणजे कंपनीच्या अधिकृत विक्रीबाहेरून. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ च्या काही गेमचं कार्ड कन्सोलमध्ये घालावं लागतं, पण त्या कार्डात गेम नसतो, फक्त किल्ली असते. कार्ड उसनं देता येतं, विकता येतं. मात्र पहिल्यांदा खेळण्याआधी प्रत्येकाला गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो, आणि तो जिथून उतरवायचा ते सर्व्हर चालू असावे लागतात. सेकंडहँड डिस्क घेताना आपण ती उजेडात तिरकी धरून ओरखडे बघायचो. या कार्डांच्या बाबतीत बघायची ती डबीच्या पुढच्या बाजूला, खाली छापलेली डाउनलोडची सूचना.