खर्च नेमका किती? कॉस्टिंगमागच्या प्रश्नांची अडीचशे वर्षे

बी.कॉम.ला कॉस्टिंगचा, म्हणजे मालाला किती खर्च येतो ते काढण्याच्या विद्येचा, पेपर पहिल्यांदा समोर येतो तो व्याख्यांच्या रूपात. स्थिर खर्च, बदलता खर्च, प्रत्यक्ष, अप्रत्यक्ष, ओव्हरहेड, अंशदान, प्रमाण परिव्यय, विचलन. मुले त्या पाठ करतात, गणिते सोडवतात, मार्कही मिळवतात. पण यातला प्रत्येक शब्द कुणाच्या तरी अडचणीतून आला आहे, हे फारसे कुणी सांगत नाही. ती अडचण कळली की व्याख्या पाठ करावी लागत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून ही पार्श्वभूमी.

सुरुवात कॉस्टिंगच्या मोठ्या भावापासून, म्हणजे व्यापारी हिशेबापासून करावी लागते. दुहेरी नोंद पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन बाजूंना लिहिण्याची रीत, इटलीतल्या व्यापाऱ्यांनी वापरात आणली आणि लुका पाचोली या गणिती धर्मगुरूने 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात ती मांडली. ती व्यापाऱ्याची पद्धत होती. माल घेतला, विकला, कुणाचे किती देणे, कुणाकडून किती येणे. व्यापाऱ्याला मालाची किंमत बाजार सांगतो, खरेदीची पावती हाच त्याचा खर्च. पण जो स्वतः माल घडवतो त्याने काय करायचे? एकाच छपराखाली माती येते, मजूर येतात, भट्टी पेटते आणि दुसऱ्या टोकाने शंभर प्रकारची भांडी बाहेर पडतात. त्यातल्या एका भांड्याची पावती कुठेच नसते. खतावणी वर्षाअखेर एकूण नफा सांगेल, पण त्या भांड्याने कमावले की गमावले हे सांगणार नाही. कॉस्टिंगचा जन्म या रिकाम्या जागेत झाला.

उदाहरणासाठी भांडे घेतले ते योगायोगाने नाही. इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यात जोसाया वेजवुड नावाचा कुंभार होता. त्याने 1769 साली एट्रुरिया नावाचा कारखाना उघडला. राजघराण्यात त्याच्या भांड्यांना मान होता, शोभेच्या फुलदाण्यांवर श्रीमंतांच्या उड्या पडत होत्या आणि दर ठरवताना तो खर्चाचा फारसा विचार करत नव्हता. मग 1772 च्या जूनमध्ये ब्रिटनमध्ये बँका कोसळल्या, उधारी आटली, मागणी घसरली. माल कोठारात साचू लागला आणि हातात रोकड उरेना. तेव्हा वेजवुड स्वतः वह्या घेऊन बसला आणि एकेका फुलदाणीला माती, मजुरी, भट्टी, साचे, भाडे, विक्री मिळून किती खर्च येतो ते मांडू लागला.

या तपासात त्याला दोन गोष्टी सापडल्या. पहिली अप्रिय होती: आकडे जुळेनात, आणि शोध घेता मुख्य कारकुनाची अफरातफर उघडी पडली. दुसरी गोष्ट पुढच्या अडीचशे वर्षांना पुरली. साचे करण्याचा खर्च, जागेचे भाडे, कोठार, हिशेबनीस हे सगळे घड्याळासारखे चालत राहते, माल थोडा करा की भरपूर, असे त्याने आपला भागीदार थॉमस बेंटली याला कळवले. मग माल जितका जास्त तितका एकेका नगावर पडणारा हा भार हलका. त्यावरून त्याने धोरण बदलले. बड्यांसाठी मोजके नमुने महाग विकून झाल्यावर तोच नमुना मोठ्या संख्येने करून मध्यमवर्गाला कमी दरात विकायचा.

आपल्याकडचे चित्र डोळ्यापुढे आणू. पेणमध्ये गणेशमूर्तींचा एक कारखाना आहे असे समजा. शेडचे भाडे, साचे, वीज, राखणदार असा हंगामाचा ठरलेला खर्च 60,000 रुपये. एका मूर्तीमागे शाडू, रंग आणि नगावर दिली जाणारी मजुरी मिळून 140 रुपये. हजार मूर्ती केल्या तर एक मूर्ती 200 रुपयांना पडते, पाचशेच केल्या तर 260 ला. मूर्ती तीच, माती तीच, हातही तेच. हजार मूर्ती चांगल्या दराने विकून झाल्यावर कुणी आणखी दोनशे मूर्ती 180 रुपयांनी मागितल्या तर? वहीत ‘खर्च 200’ लिहिलेला मालक नकार देईल. पण शेडचे भाडे तर आधीच निघाले आहे. या दोनशे मूर्तींवर दर नगामागे 40 रुपये, म्हणजे एकूण 8,000 रुपये जास्तीचे मिळतात. हे 40 रुपये म्हणजेच पुस्तकातले अंशदान. मात्र उद्या सगळेच गिऱ्हाईक 180 ला मागू लागले, तर बाराशे मूर्ती करूनही हंगाम तोट्यात जाईल. त्याच मूर्तीचा खर्च एका प्रश्नाला 140 आहे आणि दुसऱ्या प्रश्नाला 190 किंवा 200. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, पुढे शेतीपर्यंत तीच आपल्यासोबत येणार आहे.

वेजवुडनंतरचे शतक मी भराभर ओलांडतो. अमेरिकेत रेल्वे आली तेव्हा खर्चाचा प्रश्न वेगळ्याच आकाराचा झाला. रूळ, पूल, स्थानके यांत प्रचंड पैसा आधीच गाडलेला. मग एक टन माल एक मैल नेण्याचा खर्च किती धरायचा? लुइव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेचा जर्मनीत जन्मलेला अभियंता अल्बर्ट फिंक याने 1870 च्या दशकात खर्चाचे गट पाडले: वाहतुकीने न बदलणारा, स्थानकावर चढवलेल्या-उतरवलेल्या मालाबरोबर बदलणारा, गाडीच्या मैलांबरोबर बदलणारा आणि भांडवलावरचे व्याज. एकाच कंपनीच्या निरनिराळ्या फाट्यांवर टन-मैलाचा खर्च कितीतरी वेगळा निघाला. सरासरी किती फसवी असू शकते हे तेव्हा आकड्यांत दिसले.

रेल्वेत शिकलेला आणखी एक माणूस पोलादात उतरला. पेनसिल्व्हेनिया रेल्वेत वाढलेल्या अँड्रयू कार्नेगीचा पिट्सबर्गजवळचा पोलाद कारखाना 1875 साली सुरू झाला. तिथे प्रत्येक विभागाचा खर्चपट नियमित तयार होई: कच्चे लोखंड किती, कोळसा किती, मजुरी किती, मागच्या महिन्यापेक्षा जास्त का. कार्नेगी नफ्याच्या आकड्याआधी खर्चपट पाहायचा. खर्च सांभाळा, नफा आपोआप सांभाळला जाईल, हे त्याचे सूत्र होते. त्या बळावर मंदीत तो दर पाडू शके, कारण आपण कुठवर खाली जाऊ शकतो हे त्याला ठाऊक असे. प्रतिस्पर्धी अंदाजाने चालत होते.

इंग्लंडमध्ये 1887 साली एमिल गार्के आणि जॉन मँजर फेल्स यांनी कारखान्याच्या हिशेबांवर ग्रंथ लिहून खर्चाच्या वह्या मुख्य खतावणीला जोडून दाखवल्या. तोवर दोन्ही वेगळ्या चालत, आणि वेगळ्या वह्यांत लबाडीला भरपूर जागा असते.

ओव्हरहेड, म्हणजे कोणत्याही एका नगाला थेट न जोडता येणारा अप्रत्यक्ष खर्च, हा विद्यार्थ्यांना सर्वांत छळणारा भाग, म्हणून इथे थोडे थांबतो. पूर्वी कारखान्यात मजुरी हा मोठा खर्च होता. अप्रत्यक्ष खर्च मजुरीच्या प्रमाणात वाटून टाकला तरी फार बिघडत नसे. यंत्रे महाग होत गेली तसे हे वाटप अन्यायाचे ठरू लागले. एका कोपऱ्यात कारागीर हातोडी-कानस घेऊन दिवसभर राबतो. दुसऱ्या कोपऱ्यात महागडे यंत्र तासाभरात काम उरकते. मजुरीवर वाटप केले तर त्या यंत्राचा घसारा, वीज, जागा यांचा भार हातोडीवाल्याच्या कामावर पडतो. अलेक्झांडर हॅमिल्टन चर्च या इंग्रज अभियंत्याने 1901 साली लेखमाला लिहून सांगितले की प्रत्येक यंत्र हे एक छोटे दुकानच समजा, त्याचे भाडे तासावर आकारा. आजच्या मशीन-अवर रेटचे मूळ या विचारात आहे. यंत्र रिकामे राहिले तर त्या वेळेचा खर्च वेगळा दाखवावा, असेही त्याने म्हटले. तो खर्च चालू मालाच्या माथी मारला तर मंदीत माल महाग दिसू लागतो आणि गिऱ्हाईक आणखी दूर जाते.

याच काळात फ्रेडरिक टेलर घड्याळ लावून कामाचे तास मोजत होता. काम ‘किती वेळात व्हायला हवे’ हे ठरले, की ते ‘किती पैशांत व्हायला हवे’ हेही ठरवता येते. प्रमाण परिव्यय (यायला हवा तो खर्च) आणि विचलनाचे (त्यापासून प्रत्यक्षात पडलेल्या फरकाचे) विश्लेषण असे अभियंत्यांच्या मोजमापातून आले. चार्टर हॅरिसनने 1911 साली प्रमाण परिव्ययाची संपूर्ण पद्धत उभी करून दाखवली. ड्यू पाँ कंपनीत, आणि नंतर जनरल मोटर्समध्ये, डोनाल्डसन ब्राउनने भांडवलावरच्या परताव्याचे दोन तुकडे केले: विक्रीवर नफा किती आणि भांडवल वर्षात किती वेळा फिरले. विभागप्रमुखाला जाब विचारण्याचे साधन हाती आले. जेम्स मॅकिन्सीने 1920 च्या दशकात अंदाजपत्रकी नियंत्रण आणि व्यवस्थापकीय लेखांकन हे विषय पुस्तकबद्ध केले, तेव्हा वर्गात शिकवायला एक शाखा तयार झाली.

पहिल्या महायुद्धाने या शाखेला व्यवसायाचे रूप दिले. सरकारला तोफगोळे हवे होते, दर ठरवायला बाजार नव्हता, म्हणून ‘खर्च अधिक नफा’ अशी कंत्राटे निघाली. मग खर्च कोण तपासणार? ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे कॉस्ट अकाउंटंटांच्या संस्था 1919 साली स्थापन झाल्या. आपल्याकडे इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अँड वर्क्स अकाउंटंट्स 1944 साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, कंपनी म्हणून नोंदली गेली.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाक्य एका अर्थशास्त्रज्ञाचे आहे. जॉन मॉरिस क्लार्क याने 1923 साली लिहिले की निरनिराळ्या कारणांसाठी खर्च निरनिराळे असतात. दर ठरवायचा, विभाग बंद करायचा, शिल्लक मालाचे मूल्य काढायचे, कुणाचे काम तपासायचे, प्रत्येक प्रश्नाला वेगळा आकडा. दुर्दैवाने पुढच्या दशकांत नेमके उलट घडले. ताळेबंदासाठी लागणारा शिल्लक मालाचा आकडाच कारखान्यातल्या प्रत्येक निर्णयाला वापरला जाऊ लागला. थॉमस जॉन्सन आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी 1987 साली हे परखडपणे मांडले. त्याच सुमारास जॉन डिअरच्या सुटे भाग बनवणाऱ्या विभागात कामाच्या टप्प्यांनुसार खर्च शोधण्याची पद्धत आकाराला आली. थोड्या-थोड्या नगांच्या ऑर्डरींवर यंत्र पुन्हापुन्हा जुळवावे लागते, तो खर्च मोठ्या ऑर्डरी मुकाट्याने सोसत होत्या हे तिने दाखवले. याच कंपनीचे ट्रॅक्टर आज पुण्याजवळ सणसवाडीत बनतात.

भारतात या विद्येला वेगळे वळण लागले, आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकांत फार थोडक्यात उरकतात. इथे खर्चाचा आकडा मालकाइतकाच सरकारलाही हवा होता. उद्योगाला संरक्षण द्यायचे की नाही, मालाचा रास्त दर किती, हे ठरवायला 1951 च्या कायद्याने टॅरिफ कमिशन आले. 1959 साली संसदेने कॉस्ट अँड वर्क्स अकाउंटंट्स कायदा केला. कंपनी कायद्यात 1965 साली दुरुस्ती होऊन खर्चाच्या नोंदी ठेवण्याची सक्ती आणि कॉस्ट ऑडिट (त्या नोंदींची तपासणी) यांची तरतूद झाली. अशा नोंदींचे नियम सिमेंटसाठी 1966 साली निघाले आणि पुढे एकेक उद्योग त्या कक्षेत येत गेला. आज ही सक्ती 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 148 खाली आहे. औषधांच्या किमतीही दीर्घकाळ उत्पादन खर्चावरून ठरत. 2013 च्या आदेशाने त्या बाजारातल्या सरासरी दरावर गेल्या.

पण खर्चाच्या व्याख्येवरून आपल्याकडची सर्वांत मोठी लढाई शेतात झाली. कृषी मूल्य आयोग 1965 साली स्थापन झाला आणि शेतीच्या उत्पादन खर्चाचे आकडे गोळा होऊ लागले. शरद जोशी हे वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर पदवीधर. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून त्यांनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः शेती केली. चाकणचे कांदा आंदोलन आणि शेतकरी संघटना यांतून जी मागणी पुढे आली ती कॉस्टिंगच्या विद्यार्थ्याने नीट ऐकावी अशी आहे: उत्पादन खर्चावर आधारलेला रास्त भाव.

तर मग उत्पादन खर्च म्हणजे काय? आयोगाच्या तक्त्यांत त्याची अनेक रूपे आहेत. ए-2 म्हणजे बियाणे, खत, मजुरी असा प्रत्यक्ष केलेला खर्च. त्यात घरच्या माणसांच्या राबण्याचे मोल मिळवले की ए-2 अधिक एफ-एल. त्यापुढे स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज धरले की सी-2. नवऱ्याबरोबर बायको आणि पोरे दिवसभर खुरपतात, त्यांना मजुरीची चिठ्ठी कुणी देत नाही. जमीन स्वतःची म्हणून खंड द्यावा लागत नाही, पण ती दुसऱ्याला कसायला दिली असती तर खंड आला असता. पुस्तकात यालाच संधी परिव्यय म्हणतात. वर्गात तो दोन ओळींत संपतो, इथे त्यावर शेतकऱ्यांची दिल्लीपर्यंत आंदोलने झाली आहेत. गंमत नव्हे, गंभीर गोष्ट ही की कंपन्यांसाठीची आपली कॉस्ट अकाउंटिंग मानके असा आरोपित खर्च मोजूच देत नाहीत. ताळेबंदाशी जुळणाऱ्या नोंदींसाठी ते ठीकही आहे. पण शेतकऱ्याने पुढच्या वर्षी तेच पीक घ्यावे का, या प्रश्नासाठी तो वगळता येत नाही.

स्वामिनाथन आयोगाने 2006 साली हमीभाव भारित सरासरी उत्पादन खर्चापेक्षा किमान 50 टक्के अधिक असावा अशी शिफारस केली. केंद्र सरकारने 2018-19 च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाची घोषणा केली आणि ती ए-2 अधिक एफ-एल धरून अमलात आली. शेतकरी संघटना सी-2 वर दीडपट मागतात. दोन्ही बाजू ‘उत्पादन खर्च’ हाच शब्द वापरतात आणि मधल्या फरकात आहेत घरच्या जमिनीचा खंड आणि घरच्या पैशाचे व्याज.