बकलावा
बकलावा : कागदाहून पातळ लाटलेल्या पापुद्र्यांत पिस्त्याचा किंवा अक्रोडाचा भरड चुरा भरून, तूप घालून भट्टीत भाजलेले आणि साखरेच्या पाकात मुरवलेले तुर्की पक्वान्न. ग्रीस, सिरिया, लेबनॉन, आर्मेनिया आणि बाल्कन प्रदेशातही ते बनवतात, आणि ते मुळात आपलेच असे बहुतेक सगळेच सांगतात. तो वाद मिटण्यासारखा नाही. या नोंदीत आग्नेय तुर्कस्तानातील गाझीअन्तेप शहराच्या पद्धतीचा विचार केला आहे. स्थानिक लोक या शहराला नुसते ‘अन्तेप’ म्हणतात. फ्रेंच फौजांशी दिलेल्या झुंजीबद्दल १९२१ मध्ये त्याला ‘गाझी’ (युद्धवीर) हा किताब मिळाला.

इस्तंबूलमधील ऑटोमन सुलतानांच्या टोपकापी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात १४७३ साली बकलावा झाल्याची नोंद आहे. पुढे रमजानच्या पंधराव्या दिवशी सुलतानाकडून त्याच्या खास पायदळातील, म्हणजे जॅनिसरी, शिपायांना दहा जणांमागे एक परात बकलावा देण्याची प्रथा पडली. कापडात बांधलेल्या पराती काठीला अडकवून शिपाई मिरवत बराकीकडे नेत. १८२६ मध्ये हे दलच मोडून काढण्यात आले आणि मिरवणूकही थांबली.

कृतीतली खरी परीक्षा लाटण्यात आहे. मैदा, अंडी, मीठ आणि पाणी यांचा घट्ट गोळा मळून, मुरू देऊन त्याच्या लहान लाट्या करतात. त्यांच्या पुऱ्यांएवढ्या चकत्या झाल्या की दहाबारा चकत्या एकावर एक रचून ‘ओक्लावा’ नावाच्या लांब, बारीक लाटण्याने एकदमच लाटतात. त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये गव्हाचे सत्त्व भुरभुरतात. आपल्याकडे कुरडयांसाठी गव्हाचा जो चीक काढतात, तोच वाळवून दळला असे समजावे. हे सत्त्व इतके सढळ वापरतात की लाटणाऱ्यांच्या खोलीत पांढरे धुके दाटलेले असते. तयार पापुद्र्याला ‘युफ्का’ म्हणतात. त्याच्या आडून छापील मजकूर वाचता आला पाहिजे, ही तिथली कसोटी. उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबल्याशिवाय ती साधत नाही. विकतच्या पापुद्र्यांचा बकलावा खाण्याजोगा होतो, पण अन्तेपचा होत नाही.

परातीत खाली निम्मे पापुद्रे, त्यावर दूध आणि रव्याच्या दाट सायीसारख्या मिश्रणाचे ठिपके, मग पिस्ते आणि वर उरलेले पापुद्रे असा थर लागतो. एकूण पापुद्रे चाळीसच्या आसपास भरतात. पिस्ते पूर्ण पिकण्याआधीच तोडलेले असतात. अशा कोवळ्या दाण्याचा रंग गडद हिरवा आणि वास तीव्र असतो. काळ्या समुद्राच्या बाजूला पिस्त्याऐवजी हेझलनट, तर इतरत्र घरोघरी अक्रोड घालतात. वड्या भाजण्याआधीच कापाव्या लागतात, नंतर सुरी लावली तर पापुद्र्यांचा चुरा होतो. मग मेंढी-शेळीच्या दुधाचे कढवलेले तूप ओतून परात ओकच्या लाकडाच्या भट्टीत जाते.

पाकाबाबत घराघरांत मतभेद आहेत. पाक आणि बकलावा यांपैकी एक गरम, एक गार असावे असे पुष्कळ गृहिणी मानतात. अन्तेपचे कारागीर मात्र भट्टीतून काढलेल्या परातीवर गरमच पाक ओततात आणि तो पापुद्र्यांत खदखदत शिरतो. पाकात थोडा लिंबाचा रस असतो. आम्लामुळे साखरेचा काही भाग फुटतो आणि पाकात खडे धरत नाहीत. एवढा पाक पिऊनही वरचे पापुद्रे कुरकुरीत राहिले पाहिजेत. ओला गच्च बकलावा म्हणजे फसलेला बकलावा.

गाजराच्या चकतीचे नाव मिळालेला लांबट त्रिकोणी तुकडा (‘हावूच दिलिमी’), पिस्त्याभोवती गुंडाळलेला ‘दोलामा’, बुलबुलाच्या घरट्यासारखा ‘बुल्बुल युवासी’ असे त्याचे प्रकार आहेत. २०१३ मध्ये ‘अन्तेप बकलावा’ला युरोपीय संघाचे भौगोलिक संकेतांकन मिळाले, हा मान मिळवणारा तो पहिला तुर्की पदार्थ. २०१५ मध्ये युनेस्कोने गाझीअन्तेपचा समावेश खाद्यसंस्कृतीच्या सर्जनशील शहरांत केला.

बकलावा फ्रिजमध्ये ठेवत नाहीत, कारण तूप थिजते आणि पापुद्रे मऊ पडतात. खाताना जाणकार काट्याने वडी उलटी करून तोंडात घालतात, म्हणजे पाकाने भिजलेला तळ टाळूला लागतो आणि कुरकुरीत बाजू जिभेवर येते.