‘स्ले द स्पायर’ आणि ‘डायसी डंजन्स’: पानांचे नशीब आणि फाशांचे नशीब

‘डेकबिल्डर’ या वर्गातले, म्हणजे खेळता खेळता आपला डेक (पानांची गड्डी) घडवत नेण्याचे खेळ मोबाईलवर किंवा संगणकावर शोधू लागले की ‘स्ले द स्पायर’ आणि ‘डायसी डंजन्स’ ही दोन नावे बहुतेक वेळा शेजारी शेजारीच भेटतात. दोन्ही खेळ पूर्ण स्वरूपात २०१९ मध्ये आले, पहिला जानेवारीत आणि दुसरा ऑगस्टमध्ये. दोन्ही एकट्याने खेळायचे आहेत, दोन्हींत एकेक मजला पार करत शत्रूंशी फेरीफेरीने लढायचे असते, हरले की पुन्हा पहिल्या मजल्यापासून सुरुवात करावी लागते आणि दोन्हींच्या पडद्यावर पत्त्यांसारखे दिसणारे चौकोन मांडलेले असतात. त्यातच ‘डायसी डंजन्स’ची जाहिरातही त्याची ओळख ‘डेकबिल्डिंग रोगलाइक’ (रोगलाइक म्हणजे हरले की पहिल्यापासून सुरुवात करायला लावणारा खेळ) अशीच करून देते. त्यामुळे एक खेळ येत असलेला माणूस दुसरा उघडतो तेव्हा जुन्याच सवयीने खेळू लागतो आणि तीन-चार मजल्यांत गारद होतो. ‘स्ले द स्पायर’मध्ये ताकद ठरलेली असते आणि पाने बदलतात, तर ‘डायसी डंजन्स’मध्ये पाने ठरलेली असतात आणि ताकद बदलते, शिकणाऱ्याची बहुतेक फसगत या एका उलटापालटीतून होते.

‘स्ले द स्पायर’ हा मेगा क्रिट या लहानशा कंपनीचा खेळ असून त्याचे मूळ टेबलावर खेळल्या जाणाऱ्या डेकबिल्डिंग खेळांत आहे. डोनाल्ड एक्स. व्हॅकारिनो यांच्या ‘डॉमिनियन’ने २००८ मध्ये ही पद्धत लोकप्रिय केली. त्यात प्रत्येकाला सुरुवातीला १० सामान्य पाने मिळतात, दर फेरीला ५ पाने हातात घ्यायची, ती वापरून नवी पाने मिळवायची आणि डेक संपला की टाकलेली पाने पिसून पुन्हा उचलायची. ‘स्ले द स्पायर’मधल्या ‘आयर्नक्लॅड’ या पहिल्या पात्राचा डेकही १० पानांचाच असतो: ५ ‘स्ट्राइक’, ४ ‘डिफेंड’ आणि १ ‘बॅश’. दर फेरीला ५ पाने हातात येतात आणि ती खेळण्यासाठी ३ एनर्जी मिळते. पुढे एखाद्या वस्तूमुळे किंवा पानामुळे हा आकडा वाढू शकतो, पण तो नशिबावर अवलंबून नसतो. पुढची फेरी सुरू होण्याआधीच आपल्याकडे एनर्जी किती असेल हे माहीत असते. कोणती पाने येतील, एवढेच काय ते गुलदस्त्यात असते.

‘डायसी डंजन्स’ आयरिश गेम डिझायनर टेरी कॅव्हना यांचा आहे. त्यातले स्पर्धक एका टीव्ही कार्यक्रमात अडकून चालत्याबोलत्या फाशांमध्ये बदललेले असतात आणि त्या कार्यक्रमाची सूत्रे ‘लेडी लक’च्या हाती असतात. येथे पडद्यावर पत्त्यांसारखे जे चौकोन दिसतात ती खरे तर पाने नसून इक्विपमेंट, म्हणजे लढाईची साधने असतात. ती पिसली जात नाहीत आणि येतील की नाही असा प्रश्नही पडत नाही. लढाईला नेलेली सगळी साधने दर फेरीला समोर हजर असतात. फेरीच्या सुरुवातीला फासे पडतात आणि पडलेले दान साधनांमध्ये टाकून ती चालवायची असतात. फासा हीच येथली एनर्जी, आणि तिचा आकडा दर वेळी वेगळा.

आता एकेक फेरी जवळून पाहू. ‘आयर्नक्लॅड’ची गाठ ‘जॉ वर्म’ या सुरुवातीच्या शत्रूशी पडली आहे आणि हातात ३ स्ट्राइक, १ डिफेंड व बॅश आले आहेत, असे समजा. शत्रू या फेरीत काय करणार हे त्याच्या डोक्यावर लिहिलेलेच असते: ११ डॅमेज. स्ट्राइक १ एनर्जीत ६ डॅमेज करतो, डिफेंड १ एनर्जीत ५ ब्लॉक देतो, म्हणजे तेवढा मार अडवतो, तर बॅश २ एनर्जीत ८ डॅमेज करून शत्रूला २ फेऱ्यांसाठी ‘व्हल्नरेबल’ करतो, म्हणजे त्या काळात त्याला दीडपट मार बसतो. नवखा खेळाडू येथे तीन स्ट्राइक खेळून १८ डॅमेज करतो आणि खूश होतो. बॅशच्या मागोमाग एक स्ट्राइक खेळला तर ८ अधिक ९ असे १७ होतात, म्हणजे वरवर पाहता एकाचे नुकसानच. पण उरलेली ५ पाने कोणती आहेत हे येथे नक्की माहीत आहे: २ स्ट्राइक आणि ३ डिफेंड. पुढच्या फेरीत नेमकी तीच हातात येणार, शत्रू तेव्हाही व्हल्नरेबल असणार, म्हणजे ते दोन स्ट्राइक प्रत्येकी ९ चे होणार आणि वर एक डिफेंड खेळायला एनर्जीही उरणार. तीन स्ट्राइक खेळणाऱ्याला त्याच पुढच्या फेरीत दोन स्ट्राइकचे १२ च मिळतात. दोन फेऱ्यांची बेरीज ३५ विरुद्ध ३० अशी होते आणि दोन्हींत एकही ब्लॉक जास्त-कमी नाही. हा हिशेब नशिबावर सोडलेला नाही. कोणती पाने अजून यायची आहेत, हे लक्षात ठेवण्यावर तो उभा आहे.

‘डायसी डंजन्स’च्या ‘वॉरियर’कडे सुरुवातीला तलवार आणि ‘कॉम्बॅट रोल’ ही दोन साधने असतात व दोन फासे मिळतात. तलवारीत कोणताही फासा चालतो आणि जेवढा आकडा तेवढे डॅमेज होते. कॉम्बॅट रोलमध्ये फासा टाकला की तो नव्याने पडतो, आणि असे एका फेरीत तीनदा करता येते. समजा ४ आणि २ असे दान पडले. तलवार एकच असल्याने दोनपैकी एकच फासा कामी येणार. म्हणून ४ बाजूला ठेवून २ चा फासा पुन्हा पुन्हा टाकायचा: तीन प्रयत्नांत निदान एकदा ५ किंवा ६ पडण्याची शक्यता २७ पैकी १९, म्हणजे जवळपास ७० टक्के आहे, आणि नाहीच पडला तरी हातचा ४ कुठे जात नाही. पुष्कळ जण येथे उलट करतात. मोठा आकडा आणखी मोठा व्हावा या हव्यासाने ४ लाच पुन्हा टाकतात आणि २ सांभाळत बसतात. येथे मागचे-पुढचे काही लक्षात ठेवायचे नसते, समोर पडलेल्या दानाचा जास्तीत जास्त उपयोग करायचा असतो. सारीपाटात दान आधी पडते आणि कोणती सोंगटी हलवायची हे मागाहून ठरते, तसाच हा प्रकार आहे.

दोन खेळांमधला खोल फरक येथेच आहे, आणि तो नियमांच्या पानावर सापडत नाही. पत्त्यांच्या डेकला आठवण असते, फाशांना नसते. दहा पानांच्या डेकमध्ये पहिल्या फेरीत बॅश आला नाही तर दुसऱ्या फेरीत तो येणारच, कारण उरलेल्या पाचांतच तो आहे. वाट पाहण्याचे तेथे फळ मिळते. फाशांवर मात्र मागच्या दोन फेऱ्यांत ६ पडला नाही म्हणून तिसऱ्या फेरीत तो पडण्याची शक्यता कणभरही वाढत नाही. दोन फाशांत निदान एक ६ पडण्याची शक्यता ३६ पैकी ११, म्हणजे सुमारे ३१ टक्के असते. तीन फाशांवर ती ४२ टक्क्यांच्या आसपास जाते आणि चार फाशांवर जेमतेम निम्म्याच्या वर, ५२ टक्के होते. चार फासे हातात आले की माणसाला ६ ‘असणारच’ असे वाटू लागते, आणि फक्त ६ वरच चालणारे साधन घेऊन तो पुढच्या मजल्यावर जातो. साधारण दोन फेऱ्यांतून एकदा ते साधन नुसतेच पडून राहते. ‘स्ले द स्पायर’मधून आलेल्या खेळाडूची ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे, कारण तेथे ‘येईलच की’ हे म्हणणे बहुतेक वेळा बरोबर असते.

‘डायसी डंजन्स’मध्ये आठवण हवी असेल तर ती साधनांमधून मिळवावी लागते. काही साधनांवर उलटी मोजणी असते: त्यांत टाकलेल्या फाशांचे आकडे फेरीमागून फेरी वजा होत जातात आणि शून्य झाले की ते साधन चालते. उरलासुरला फासा वाया न घालवता त्यात टाकून ठेवता येतो. असे एखादे साधन जवळ असणे मला कोणत्याही मोठ्या तलवारीपेक्षा मोलाचे वाटते, विशेषतः खालच्या मजल्यांवर फासे वाढू लागले आणि साधने अपुरी पडू लागली की.

संग्रह वाढवण्याचे गणितही याच कारणाने वेगळे होते. ‘स्ले द स्पायर’मध्ये बहुतेक लढायांनंतर तीन पाने दाखवली जातात, त्यांतले एक घेता येते किंवा एकही न घेता पुढे जाता येते. नवा माणूस न घेणे हा मूर्खपणा समजतो. पण १० पानांच्या डेकमध्ये बॅश दोन फेऱ्यांत एकदा येतो, तर डेक २० पानांचा झाला की तोच चार फेऱ्यांत एकदा येऊ लागतो. प्रत्येक घेतलेले पान बाकीच्या सगळ्या पानांना थोडे मागे ढकलते, आणि एकदा घेतलेले पान सहज सुटत नाही: दुकानात पान काढून टाकण्याचे पहिल्यांदा ७५ सोन्याची नाणी पडतात आणि पुढे दर वेळी भाव २५ ने चढतो. म्हणून अनुभवी खेळाडू स्ट्राइक काढून टाकण्यासाठी पैसे मोजताना दिसतो, जे पाहून नवख्याला तो पैसे उधळतो आहे असे वाटते.

‘डायसी डंजन्स’मध्ये डेक फुगण्याची ही भीती मुळातच नाही. साधने ठेवण्यासाठी जागा ठरलेल्या असतात, काही साधने एक जागा व्यापतात आणि काही दोन, आणि जास्तीची साधने पिशवीत राहतात. दोन लढायांच्या मधल्या वेळात हवी ती अदलाबदल करता येते आणि त्याचे पैसेही पडत नाहीत. मजल्याच्या नकाशावर पुढचे शत्रू उभे असलेले दिसतात, त्यामुळे कोणाशी लढायचे आहे ते पाहून मांडणी करता येते. शत्रू फासे गोठवणारा असेल तर आपला सर्वांत मोठा फासा १ चा होतो, तेव्हा लहान आकड्यावर चालणारे काहीतरी जवळ असलेले बरे. त्याने फासे पेटवले तर पेटलेला फासा वापरताना २ हेल्थ, म्हणजे आपल्या जिवातले २ गुण द्यावे लागतात. येथे चांगला संग्रह कोणता? कोणताही आकडा पडला तरी त्याला जागा मिळेल असा. सगळी साधने सम आकड्यांवरच चालणारी घेतली तर दोन फाशांच्या दर चार फेऱ्यांमागे सरासरी एका फेरीत दोन्ही आकडे विषम पडणार आणि ती फेरी हात चोळत काढावी लागणार.

लहान आकडा म्हणजे वाईट दान, हाही गैरसमज येथे लवकर सोडावा लागतो. ‘थीफ’ या पात्राच्या खंजिरात ३ पर्यंतचेच फासे चालतात, पण तो एका फेरीत पुन्हा पुन्हा वापरता येतो. त्याच्या हातात ६ आला तर तो खंजिराच्या दृष्टीने निरुपयोगी. ‘लॉकपिक’ने त्या एका फाशाचे दोन करून घ्यावे लागतात, तेव्हा कुठे त्याला किंमत येते.

‘रोबोट’ या पात्राची पद्धत आणखी निराळी आहे: फासे एकदम न पडता बटण दाबून एकेक मागवायचे, बेरीज ठरलेल्या मर्यादेवर नेमकी पोहोचली तर बक्षीस आणि ओलांडली तर त्या फेरीपुरती साधने बंद. येथे मोह आवरणे हेच कौशल्य असल्यामुळे आधी मिळालेला फासा लगेच वापरून टाकावा आणि मगच पुढचा मागवावा. ‘विच’ आणि ‘इन्व्हेंटर’ यांच्या खास नियमांकडे मी येथे वळत नाही, कारण ते खेळताना आपोआप कळतात.

सर्वाधिक गोंधळ घालणारे पात्र म्हणजे ‘जेस्टर’. सुरुवातीच्या सहा पात्रांमध्ये ते सर्वांत शेवटी खुले होते आणि त्याच्याकडे मात्र खरोखरच डेक असतो. त्याची साधने त्या डेकमधून समोर येतात, वापरली की बाजूला जातात आणि त्यांच्या जागी पुढची येतात. शिवाय ती चालवायला फासे लागतातच. म्हणजे येथे पानेही बदलती आणि ताकदही बदलती. ‘स्ले द स्पायर’मध्ये कमावलेली काटकसर, म्हणजे डेक बारीक ठेवणे आणि काय येऊन गेले याची नोंद ठेवणे, ही येथे जशीच्या तशी उपयोगी पडते, आणि वॉरियर, थीफ खेळून अंगवळणी पडलेली ‘प्रत्येक आकड्याला जागा हवी’ ही दृष्टीही तितकीच लागते. जेस्टर खेळताना मी आधी समोरची पाने वाचतो आणि फाशांकडे नंतर पाहतो. फासे आधी पाहिले की मोठ्या आकड्यासाठी मोठे साधन शोधण्याच्या नादात त्याच्या पुढच्या पानाचा विचार मागे पडतो.

दोन्हींपैकी आधी कोणता शिकावा, असे कोणी विचारले तर माझे मत ‘डायसी डंजन्स’कडे झुकते. एक डाव लवकर आटोपतो, चूक त्याच फेरीत दिसते आणि लगेच दुरुस्त करता येते. ‘स्ले द स्पायर’मध्ये दुसऱ्या लढाईनंतर हौसेने घेतलेल्या पानाची शिक्षा पुष्कळदा तासाभराने, खेळाच्या त्या टप्प्याच्या शेवटी उभ्या असलेल्या बॉससमोर, म्हणजे बलाढ्य शत्रूसमोर, मिळते आणि तोवर कारण विसरायला झालेले असते. तेथे आयर्नक्लॅडनेच सुरुवात करावी, कारण प्रत्येक लढाई संपल्यावर त्याची ६ हेल्थ भरून येते आणि त्यामुळे चुकायला थोडी सवड मिळते. पहिले काही डाव दर फेरीला उचलायच्या पानांचा ढीग उघडून त्यात काय शिल्लक आहे ते पाहत खेळावे. खेळ ते पाहू देतो, फक्त ती कोणत्या क्रमाने येतील हे दाखवत नाही.