दिवाडी

दिवाडी : उत्तर गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातले, मांडवी नदीच्या पात्रातले बेट. दक्षिणेला पाण्यापलीकडे जुने गोवे आणि रायबंदर, उत्तरेला चोडण बेट व डिचोली तालुक्यातले नार्वे, पूर्वेकडे जुवे, कुंभारजुवे आणि चिमुकले वांशी, असा हा सगळा बेटांचाच मुलूख आहे. पोर्तुगीज या तालुक्याला ‘इल्यास’, म्हणजे बेटे, म्हणत. बेटावर गोळती, नावेली, मालार आणि नार्वे ही जुनी गावे असून पिएदाद ही टेकडीवरची वस्ती मधोमध आहे. जुन्या संस्कृत परंपरेत या बेटाला दीपवती म्हटले आहे.

बेटाला जोडणारा रस्त्याचा पूल नाही. जुने गोवे, रायबंदर आणि पलीकडचे नार्वे या तीन धक्क्यांवरून नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी सुटतात. अंतर काही मिनिटांचेच असते, पण रात्री शेवटची फेरी गेली की बेट आपले आपल्यात राहते. कोकण रेल्वेचा मार्ग बेटावरून जातो, तरी स्थानक मात्र नाही. मुंबईकडे जाणारी गाडी करमळी सोडून मांडवी ओलांडते, तेव्हा खिडकीतून दिवाडीची शेते क्षणभर दिसतात.

दिवाडीचा इतिहास समजून घ्यायचा तर बेटावर थांबून भागत नाही, समोरच्या काठावर जावे लागते. इथले देव, आणि इथला एक मोठा माणूसही, नदी ओलांडून गेले.

सप्तकोटीश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. त्यांच्या नाण्यांवर या देवाच्या वरप्रसादाचा उल्लेख कोरलेला असे. सप्तर्षींनी सात कोटी वर्षे तप केले आणि शिव प्रसन्न झाला, अशी नावामागची आख्यायिका आहे. देऊळ बेटावरच्या नार्वे गावी होते. चौदाव्या शतकात बहामनी आक्रमणात ते पडले. पुढे विजयनगरची सत्ता आली तेव्हा माधव मंत्र्याने देवाची पुन्हा स्थापना केली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडायला सुरुवात केली, त्यात सप्तकोटीश्वराचे देऊळही गेले. लिंग विहिरीच्या कामाला लावले होते, असे परंपरा सांगते. डिचोलीच्या नारायण शेणवी सूर्यराव यांनी ते तिथून सोडवून पलीकडे आदिलशाही हद्दीतल्या हिंदळे गावी नेले. देव गेला तसे गावाचे नावही त्याच्या मागून गेले आणि हिंदळ्याला लोक नार्वे म्हणू लागले. म्हणूनच नदीच्या दोन्ही काठांवर आज नार्वे आहे. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पलीकडच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, तो शिलालेख तिथे दारावर आहे. गोवा सरकारने अलीकडे या देवळाचे संवर्धन करून २०२३ मध्ये ते भाविकांसाठी पुन्हा खुले केले. बेटावरच्या मूळ जागी आता कोटीतीर्थ हा दगडी तळीचा अवशेष उरला आहे. देवळाचा शोध घेत येणाऱ्याने पलीकडचे देऊळ पाहावेच, पण ही तळी पाहिल्याशिवाय परतू नये.

गणपतीची वाट आणखी लांबची. पिएदादच्या टेकडीवरचे त्याचे देऊळ गेल्यावर मूर्ती खांडेपार, पलीकडचे नार्वे असे मुक्काम करत शेवटी माशेलजवळच्या खांडोळ्यात स्थिरावली. तिथला महागणपती तो हाच. देवळाच्या जागी आज ‘नोस्सा सेन्योरा द पिएदाद’ ही चर्च उभी आहे. आताची इमारत अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली असून तिच्या अंगणातून मांडवीचे पात्र आणि जुन्या गोव्याचे पांढरे मनोरे एका नजरेत येतात. शेजारच्या दफनभूमीतल्या लहान चॅपेलमध्ये कदंबकालीन देवळाचे कोरीव दगडकाम शिल्लक आहे. बेटावरच्या ख्रिस्ती घरांनी हे दगड जपले, याची नोंद व्हायला हवी.

नावेलीचे मातेउश द काश्त्रो (सुमारे १५९४–१६७७) हे लॅटिन पंथाचे पहिले भारतीय बिशप. गोव्यात स्थानिकांना धर्मगुरूपद देताना आडकाठी होत असे, म्हणून ते रोमला गेले, तिथे दीक्षा घेतली आणि १६३७ मध्ये बिशप झाले. गोव्यातल्या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी त्यांना मानले नाही. तेव्हा तेही नदीपलीकडे, आदिलशाहीच्या डिचोलीत जाऊन राहिले आणि तिथून पोर्तुगीजांविरुद्ध हालचाली करत राहिले. अखेर ते रोममध्ये वारले. गोव्यातल्या शाळांत त्यांचे नाव फार कमी वेळा घेतले जाते. हे बरे नव्हे.

बेटाचा मधला भाग जांभ्याचा आणि उंच, त्याच्या भोवती सखल खाजन जमीन. खाजन म्हणजे खाऱ्या पाण्याकडून बांध घालून मिळवलेली शेती. चिखल, पेंढा आणि जांभ्याचे दगड वापरून बांध उभारतात, बाहेरच्या अंगाला खारफुटी लाटांचा मार सोसते. बांधात ठिकठिकाणी मानस असते. मानस म्हणजे लाकडी दारांची मोरी. सुकतीला आतले पाणी दार ढकलून बाहेर पडते, भरती आली की नदीच्याच दाबाने दार मिटते. माणसाचा हात फार लागत नाही. जूनच्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघाले की कोरगुट किंवा आसगो या खारवट पाण्याला न डगमगणाऱ्या भाताची पेरणी होते. कापणी झाली की तीच शेते मासळीची होतात. सुंगटे, शेवटे, चोणक आणि खेकडे मानशीच्या तोंडाशी जाळ्यात येतात आणि त्या मासेमारीच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते.

ही व्यवस्था पूर्वी गावकरी ही गावची सामाईक संस्था, म्हणजे कोमुनिदाद, सांभाळत असे. १९६४ च्या कुळकायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. बांध दरवर्षी डागडुजी मागतो. एकदा फुटला आणि खारे पाणी आत राहिले, तर ती जमीन पुढची काही वर्षे भात देत नाही. मासळीच्या लोभाने मानशीची दारे उघडी ठेवण्याची तक्रार खाजनाच्या गावांत नेहमी ऐकू येते. शेत पडीक राहिले की बांधाकडे पाहणारे कोणी उरत नाही, आणि शेजाऱ्याचे शेतही बुडते. दिवाडीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खारफुटी शेतात शिरलेली दिसते, ती अशाच दुर्लक्षाची खूण आहे.

सणांत बोंदेरां सर्वांत गाजलेला. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी तो साजरा होतो. बांदेरा म्हणजे पोर्तुगीजमध्ये झेंडा. वाड्यांमध्ये हद्दीवरून भांडणे होत, म्हणून राज्यकर्त्यांनी सीमेवर निरनिराळे झेंडे रोवले आणि गावकऱ्यांनी ते दगड मारून पाडले, अशी या सणाची कथा. आता वाडे रंगीत झेंड्यांची मिरवणूक काढतात. पूर्वीच्या दगडांची जागा फोटाशीने घेतली आहे : बांबूच्या नळीत रानातले हिरवे फळ घालून दट्ट्याने उडवायचे. कार्निव्हालच्या दिवसांत मालार आणि नार्वे या वाड्यांवर पोतेकार फिरतात. मुखवटे घालून, घंटा बांधून ते पोरांच्या मागे धावतात. पर्यटकांची गर्दी बोंदेराला होते. पोतेकार मात्र अजून गावचेच राहिले आहेत.

गोकुळाष्टमीला नार्व्याच्या पंचगंगा तीर्थावर स्नानाला गोव्यातून भाविक येतात. त्या दिवशी नार्व्याच्या फेरीबोटीत फुलांच्या परड्या आणि ओली धोतरे असतात, आणि देवाचे दर्शन घ्यायला लोक पलीकडे, सप्तकोटीश्वराच्या देवळात जातात.