कौल (कोकणातील)

कौल : गावच्या देवाला प्रश्न घालून त्याचे उत्तर घेण्याची कोकणातली रीत; त्या उत्तरालाही कौलच म्हणतात. शब्द मूळ अरबी, अर्थ बोल किंवा वचन. जुन्या कागदपत्रांत सरकार रयतेला लागवडीचा कौल देई, आता मतदार देतात आणि क्रिकेटच्या मैदानावर नाणे देते. कोकणी माणसाला मात्र दोनच कौल आधी आठवतात, एक छपरावरचा आणि एक देवळातला. दोन्ही पावसाआधी नीट लागलेले बरे. गोव्यातल्या देवळांत याच रीतीला प्रसाद घेणे म्हणतात.

पूजा आटोपली की गुरव देवाच्या मूर्तीवर किंवा पाषाणावर ठरलेल्या जागी पाकळ्या पाण्याने चिकटवतो. कुठे फुलाची पाकळी, कुठे तुळशीचे पान, कुठे तांदळाचा दाणा. सिंधुदुर्गात यांना ‘कळे’ म्हणतात. उजवीकडचा कळा आधी सुटला तर होकार, डावीकडचा सुटला तर नकार. देव आपल्याकडे तोंड करून बसलेला असल्याने त्याची उजवी ती आपली डावी. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो आणि गुरवाच्या तोंडाकडे बघत राहतो. पाणी सुकते, समईची धग लागते, तेव्हा पाकळी कधीतरी सुटणारच, हे गुरवालाही कळते. म्हणून तर कळे लावण्याआधी सभामंडपातले पंखे बंद करतात.

खरे कसब पाकळीत नसून गाऱ्हाण्यात आहे. ‘बा देवा म्हाराजा’ अशी हाक घालून गुरव किंवा मानकरी विचारणाऱ्याचे नाव, घर आणि अडचण देवापुढे मांडतो, आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. आलेल्या माणसाचे बोलणे सहसा पसरट असते: मुलीचे जमत नाही, म्हैस आटली, भावाने वई (कुंपण) पुढे सरकवली, शिवाय रात्री झोप नाही. देवाला यातले काहीही असेच विचारता येत नाही. उत्तर उजवे किंवा डावे एवढेच येणार, म्हणून प्रश्नही तेवढाच करावा लागतो. ‘विहीर खणू का?’ हे चालत नाही. ‘माडाच्या पूर्वेला, याच वर्षी, विहीर खणावी अशी तुझी मर्जी असेल तर उजवी दे,’ हे चालते. हे वाक्य बांधता बांधता पुष्कळांना आपल्याला नेमके काय हवे आहे ते प्रथमच कळते. कोकणात देवाचे ऐकायला शिकणे म्हणजे बव्हंशी असे विचारायला शिकणे, आणि ते शाळेतल्यासारखे शिकवले जात नाही. गुरवाचा मुलगा बापाशेजारी पाण्याचा तांब्या धरून उभा राहतो आणि वर्षानुवर्षे नुसते ऐकतो.

पाकळी सुटेपर्यंतचा वेळ हाही या रीतीचाच भाग. कधी दोन मिनिटे, कधी तासभर. घाई केलेली चालत नाही, पाकळीला हात लावणे तर दूरच. पाकळी जागची हलली नाही, तर ‘देव बोलत नाही’ म्हणतात. मग मंडळी आठवू लागतात: राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, त्याच्या मानाची राखण द्यायची राहिली का, आजोबांनी बोललेला नवस फेडला का. पुष्कळदा काहीतरी सापडतेच. (शोधल्यावर कुठल्या घरात सापडणार नाही, हा भाग निराळा.)

खाजगी अडचणींपलीकडे सबंध गावाचे व्यवहारही कौलावर चालतात. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल झाला की तारीख जाहीर होते, आणि मग मुंबईतले चाकरमानी रेल्वेच्या तिकिटांसाठी धावतात. त्याच तालुक्यातल्या आचऱ्यात रामेश्वराचा कौल झाल्यावर गावपळण होते. माणसे गुरेढोरे, कोंबड्याकुत्र्यांसह घरे सोडून वेशीबाहेर झोपड्या घालून तीन दिवस, तीन रात्री राहतात. परत फिरायचे तेही पुन्हा कौल घेऊनच. उजवा झाला नाही तर मुक्काम वाढतो.

आक्षेप जुनेच आहेत. पाकळी कुठे किती ओली लावायची हे लावणाऱ्याच्या हातात असते. गाऱ्हाणे कोणी घालायचे, पहिला मान कोणाचा, यावरून गावे वर्षानुवर्षे भांडतात आणि भांडण कोर्टातही जाते. तिथला निकाल पाकळीपेक्षा फार उशिरा पडतो. अंगात येणाऱ्या अवसाराशी कौलाची गल्लत करू नये. अवसारात देव माणसाच्या तोंडून बोलतो, तिथे माणसाचा स्वभावही बोलतो. पाकळीला निदान स्वभाव नसतो. अंगात शक्ती संचारल्याचे भासवून लोकांना भीती घालणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आजारी माणसाला डॉक्टरकडे न्यावे की नाही, असा कौल लावणे धोक्याचे. समजूतदार गुरव तो प्रश्नच घेत नाही, ‘आधी दवाखान्यात ने, मग ये’ म्हणतो.

अलीकडे चाकरमानी मुंबईहून फोनवरून कौल लावून घेतात. गावातला चुलतभाऊ गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर मोबाइल धरून बसतो. पलीकडून दर मिनिटाला ‘पडली काय रे?’ येते, आणि तो तोंडावर हात धरून हळूच सांगतो, ‘अजून नाय. गप ऱ्हव.’