वाड्यांचे नूतनीकरण

मधोमध उघडा चौक असलेल्या जुन्या वाड्याची मूळ बांधणी, साहित्य आणि आळीतले त्याचे स्थान राखून तो आजच्या कुटुंबाला राहण्याजोगा करण्याच्या कामास वाड्याचे नूतनीकरण म्हणतात. पुणे, वाई, सातारा, नाशिक येथे पेशवाईत व त्यानंतर उभे राहिलेले असे अनेक वाडे आजही राहते आहेत.

दगडी जोते, तळखड्यांवर (खांबाखालच्या बैठकीच्या दगडांवर) उभे सागवानी खांब, त्यांवर तुळया आणि कडीपाट (लाकडी कड्या व फळ्यांची तक्तपोशी) ही या घरांची सर्वसाधारण रचना असते. भार मुख्यतः लाकडी सांगाड्यावर असल्यास मधल्या भिंती हलवता येतात व दोन लहान खोल्यांची एक करता येते. पण आधी प्रत्येक खांबाचा पाया तपासावा लागतो, कारण ओल आणि वाळवी तेथूनच शिरते. कुजलेला तेवढाच भाग कापून तिरप्या सांध्याने नवा सागाचा तुकडा बसवला, तर उरलेला जुना खांब वाचतो.

सर्वाधिक नुकसान चुकीच्या गिलाव्याने होते. माती आणि चुन्यात बांधलेली भिंत जमिनीतली ओल ओढते व ती हवेत सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, भिंतीला लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि काही पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून डागडुजी चुन्यानेच करावी, मग ती सावकाश वाळत असली तरी. चुना दळण्याच्या घाणीत मळलेल्या चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालण्याची जुनी रीत जाणणारे गवंडी आता मोजकेच राहिले आहेत.

न्हाणीघर व शौचालय कोठे बसवायचे, हा नव्या गरजांतला सर्वांत अवघड प्रश्न होय. कडीपाटावर पाणी खेळवणे धोक्याचे असल्याने ती परसाकडे, स्वतंत्र पायावरच्या नव्या भागात काढणे उत्तम. चौकावर कायमचे काचेचे छप्पर घालण्याची टूम मात्र टाळावी: घरातील तापलेली हवा चौकातूनच वर जाते आणि माजघराला उजेडही तेथूनच मिळतो.

पेठांतील वाड्यांच्या भिंती अनेकदा शेजाऱ्याशी सामाईक असतात. एक वाडा पाडला की शेजारच्या वाड्याची, कधीही पावसाला तोंड न दिलेली भिंत उघडी पडते. त्यामुळे मालकाने एकट्याच्या घराचा विचार करून भागत नाही. पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठचे अनेक वाडे पडले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेली भाडी व वारसांचे वाढते हिस्से यांमुळे पुढे उरलेल्यांच्या दुरुस्तीला पैसा आणि एकमत दोन्ही मिळेनासे झाले.

मराठवाड्यातील माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांबाबत जुने राखण्याच्या आग्रहाला मर्यादा घालणे भाग आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड छत कोसळून हजारो माणसे दगावली. गळती थांबवण्यासाठी अशा छतावर वर्षानुवर्षे पांढऱ्या मातीचे थर चढत गेलेले असतात. ते उतरवून छत हलके करणे, भिंतीच्या दोन्ही तोंडांना बांधणारे आरपार दगड घालणे आणि भिंतींच्या माथ्यावरून सलग पट्टा फिरवून त्या एकमेकींना जखडणे ही कामे तेथे गिलावा व रंगरंगोटीच्या आधी करावी लागतात.