कोटा, लाइन आणि टार्गेट: बांगलादेशच्या शिलाई कामगार स्त्रिया

1974 साली मल्टिफायबर करार लागू झाला आणि कोणत्या देशाकडून किती कपडे घ्यायचे, याचा कोटा श्रीमंत देश ठरवू लागले. दक्षिण कोरियाचा कोटा भरत आला होता, बांगलादेशावर तेव्हा कोटाच नव्हता. म्हणून देवू या कोरियन कंपनीने 1978 मध्ये नुरुल कादेर यांच्या चितगावच्या ‘देश गारमेंट्स’शी करार केला. तिथली सुमारे 130 माणसं 1979 मध्ये बुसानला जाऊन काम शिकून आली. पुढे त्यातल्या बहुतेकांनी ती कंपनी सोडली, कुणी स्वतःचे कारखाने काढले आणि धंदा पसरला.

सरकारने बाँडेड वेअरहाउस दिलं, म्हणजे निर्यातीच्या मालासाठी लागणारं कापड जकातीशिवाय आणता येऊ लागलं. परदेशी गिऱ्हाइकाच्या एलसीच्या, म्हणजे पैसे देण्याच्या बँकेच्या हमीपत्राच्या, तारणावर कापडाची दुसरी एलसी उघडायचीही सोय झाली. भांडवल थोडं असलं तरी कारखाना उभा राहू लागला. पण डिझाइन, कापड, बटणं आणि भाव हे सगळं बाहेरून ठरायचं. मालकाच्या हातात उरला तो शिलाईचा दर, आणि त्यात बचत करायची तर मजुरीतच. त्यासाठी गावाकडच्या तरुण मुली घेतल्या गेल्या, कारण त्या कमी पैशांत येतील आणि उलट बोलणार नाहीत, असा हिशेब होता. 1994 मध्ये ठरलेलं 930 टका (बांगलादेशचं चलन) किमान मासिक वेतन 2006 पर्यंत तेवढंच राहिलं.

लाइनीवर, म्हणजे मशिनींच्या रांगेत, शर्ट एकटीने कुणी शिवत नाही. नुसत्या कॉलरला एकजण फ्यूजिंग (कडकपणासाठी चिकटवायचं अस्तर) लावलेले तुकडे जोडते, दुसरी टोकं कापून उलटवते, तिसरी वरची टीप मारते, चौथी पट्टी बसवते. हेल्पर धागे कापते. दोन टोकं लहानमोठी झाली किंवा पट्टीला चुणी पडली की तुकडा ‘ऑल्टर’ म्हणून परत येतो. तो उसवायला लागलेला वेळ तासाच्या टार्गेटमधून वजा होत नाही. मागे माल तुंबतो आणि सुपरवायझर ओरडतो. टार्गेट चुकू नये, संडासला उठावं लागू नये, म्हणून बायका पाणीच कमी पितात.

जहाज चुकलं तर माल विमानाने पाठवायचा खर्च बहुधा कारखान्याच्याच माथी बसतो. ओव्हरटाइमची सक्ती इथून येते.

23 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळच्या सावारमधल्या राणा प्लाझा या इमारतीला तडे गेले. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं दुसऱ्या दिवशी बंद राहिली. वरच्या पाच कारखान्यांतल्या कामगारांना मात्र 24 तारखेला कामावर बोलावलं. पगार कापला जाईल, या धाकाने त्या आत गेल्या. वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे अवजड जनरेटर सुरू झाले आणि नऊच्या सुमारास इमारत बसली. बेकायदा चढवलेले मजले, कारखान्यासाठी न बांधलेली इमारत आणि यंत्रांचा हादरा यामुळे 1,134 माणसं गेली, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. जेमतेम पाच महिन्यांपूर्वी ताजरीन फॅशन्स या कपड्यांच्या कारखान्याच्या आगीत 100 हून अधिक कामगार गेले होते.

त्यानंतर ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये झालेला ‘अकॉर्ड’ करार सह्या करणाऱ्यांवर कायद्याने बंधनकारक होता. त्याखाली कारखान्यांचे खांब, वायरिंग, जिने, कुलूपबंद दारं तपासली गेली. हे फार मोलाचं काम झालं. भाव आणि मुदतीला मात्र त्याने हात लावला नाही. 2023 मध्ये कामगारांनी 23,000 टका किमान वेतन मागितलं, रस्त्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. डिसेंबरपासून 12,500 टका लागू झाले.